ठाण्याचा विकास आराखडा : ‘नवे टॉवर नकोत’ या पत्रावर सही करावी का?

ठाण्याच्या नव्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती द्यायच्यात, आणि घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत त्यासाठी सह्यांचं एक पत्र फिरतंय. ‘आराखड्यात एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) वाढवू नका, आमच्या भागात आणखी टॉवर नकोत’, एवढंच त्यात आहे. सही करू का, असं तुम्ही विचारलंत. माझं स्पष्ट मत : या मजकुरावर करू नका. तुमचं दुखणं खरं आहे, पाण्याच्या टँकरचं बिल मीही भरतो. पण या पत्राचा पत्ताच चुकलाय.

एफएसआय ठाण्याच्या आराखड्यात ठरतच नाही. तो ठरतो राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून ती राज्यभर लागू आहे. दाट गावठाणाबाहेर निवासी भूखंडाला मूळ एफएसआय १.१ मिळतो. त्यावर प्रीमियम (शासनाला द्यायचं शुल्क) भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) घेऊन किती चढवता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आहे. रस्ता ९ मीटरहून अरुंद असेल तर जवळजवळ काहीच नाही. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडतो तो इथेच. ९ ते १२ मीटरला एकूण २, १५ ते २४ मीटरला २.५, आणि ३० मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर ३. शिवाय जिने, लिफ्ट, बाल्कनी यांसाठी प्रीमियम भरून ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र. म्हणजे कागदावरचे ३ प्रत्यक्षात ४.८ होतात.

आता आराखड्याचा नकाशा पुन्हा बघा. २० मीटरचा रस्ता ३० मीटरचा दाखवला असेल, तर त्याच्या कडेच्या प्रत्येक भूखंडाची क्षमता ४ (म्हणजे २.५ अधिक ६० टक्के) वरून ४.८ वर गेली, आणि ‘एफएसआय’ हा शब्द त्या नकाशावर कुठेही नाही. रस्तारुंदीला आपण सगळे टाळ्या वाजवतो, कारण कोंडी सुटेल असं वाटतं. दाटीचा निर्णय त्याच रेघेत असतो. म्हणून प्रत्येक रुंदीकरणाशेजारी विचारायचं, इथे वाढणाऱ्या माणसांसाठी शाळा कुठे, मैदान कुठे, मलवाहिनी केवढी?

दाट वस्तीला माझा विरोध नाही, हेही सांगून टाकतो. मुंबईच्या उपनगरांत वर्षानुवर्षं मूळ एफएसआय १ होता. माणसं यायची थांबली का? २०११ च्या जनगणनेत मुंबईतली साधारण ४० टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत निघाली. ठाण्यात परवडणारं अधिकृत घर मिळालं नाही म्हणून माणसं अनधिकृत इमारतींत गेली. शीळफाट्याजवळची तशीच एक इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली आणि ७४ जीव गेले. ठाण्याची लोकसंख्या २०११ लाच १८ लाख होती. पुढची माणसं कुठेतरी राहणारच. मेट्रो ४ च्या स्थानकांपासून चालत जाण्याच्या अंतरात ती राहिली तर त्यात सगळ्यांचंच भलं आहे. येऊरच्या जंगलाच्या पायथ्याला किंवा खाडीकाठी दाटी नको, त्यासाठी मी शेवटपर्यंत भांडेन. दोन्हींना एकाच वाक्यात ‘नको’ म्हटलं की दोन्ही मुद्दे पडतात.

पाण्याचा मुद्दा मात्र जोरात लावा. ठाण्याचं स्वतःचं धरण नाही. भातसा नदीवरची महापालिकेची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका मिळून दिवसाला साधारण ५८५ दशलक्ष लिटर पाणी येतं. २०१७ मध्ये टंचाईमुळे उच्च न्यायालयाने घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या बांधकामांना काही काळ रोखलं होतं. वीस वर्षांच्या आराखड्यात लोकसंख्येचा अंदाज दिलेला असतो. तेवढ्या माणसांचं पाणी कुठून आणि कोणत्या टप्प्यात येणार, याचं लेखी उत्तर मागणं हा आपला हक्क आहे.

आणि आरक्षणं, म्हणजे मैदान, शाळा, बाग यांसाठी आराखड्यात राखून ठेवलेल्या जागा. तुमच्या हातात खरं काही असेल तर हे. नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर मालक पालिकेला ‘जागा विकत घ्या’ अशी खरेदी सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण सुटतं. मैदान गेलं की गेलं, तिथे परत मैदान होत नाही. समावेशक आरक्षणाच्या तरतुदीत मालक स्वतः विकास करून काही भाग पालिकेला देतो आणि उरलेला वापरतो. त्याने काही जागा वाचतात, पण पालिकेच्या वाट्याला काय येणार ते आधी वाचायला हवं. आपल्या सेक्टरमध्ये (आराखड्यातल्या आपल्या विभागात) जुन्या आराखड्यातली कोणती आरक्षणं नव्यात दिसत नाहीत किंवा सरकलीत, एवढं दोन नकाशे शेजारी ठेवून शोधलंत तरी हरकतीचा अर्धा मजकूर तयार होईल.

हजार सह्यांच्या एका पत्रापेक्षा वेगवेगळ्या हरकती द्या. प्रत्येकीत सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, जागेचा आजचा फोटो आणि नेमकी मागणी असू द्या. ‘सुनावणीस हजर राहू इच्छितो’ हे वाक्य विसरू नका. सुनावणी नियोजन समितीपुढे होते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले तज्ज्ञ तिथे बसतात. जागेचा पुरावा समोर ठेवला की त्यांना तो नोंदवावा लागतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा लोकांनी अशाच ठिकाणनिहाय चुका दाखवल्या : राहत्या इमारतींवरून गेलेले रस्ते, वारसा वास्तूंवर पडलेले चुकीचे शिक्के. दोनच महिन्यांत राज्य सरकारने तो नव्याने करायला लावला. तिथे नियमावलीचा मसुदाही सोबत होता, म्हणून एफएसआयवरही बोलता आलं. आपल्याकडे ते भांडण राज्याच्या नगरविकास विभागाशी आहे, त्यासाठी वेगळं निवेदन द्या.

हरकत दोन प्रतींत न्या. मुदतीच्या आत पोच-शिक्का घेऊन एक प्रत जवळ ठेवा, सुनावणीचं पत्र आलं की तीच लागते. तुमचा सेक्टर आणि सर्व्हे नंबर इथे टाका, जुन्या आराखड्यातली आरक्षणं मी शोधून देतो.