अंगणवाडीतल्या एवढ्याशा मुलांना भेदभाव कळतो का?

वंशभेद हा अमेरिकेतला विषय, आपल्याकडच्या तीन-चार वर्षांच्या मुलांना त्याने काय फरक पडणार, असं तुम्ही विचारलंय. फरक पडतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात मी बारा वर्षं अंगणवाडी सेविका होते, म्हणून सांगते.

आमच्याकडे गावातली अहिराणी बोलणारी मुलं आणि पाड्यावरची पावरा आदिवासी मुलं एकत्र यायची. पाड्यावरचा एक चार वर्षांचा मुलगा रोज दाराशी, चपलांजवळ बसायचा. ठोकळे पुढ्यात ओतले तरी हात लावायचा नाही, आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. तहान लागली तरी माठापाशी जायचा नाही. हाच पोरगा घरी भावासोबत शेळ्या वळायचा, चुकलेलं करडू शोधून आणायचा! गावातली मुलं त्याला 'काळ्या' म्हणायची. मदतनीस म्हणायच्या, "त्याले काय समजस?" मी कधी रागावले नाही, पण त्याचा हात धरून पाटीवर रेघ मात्र मीच ओढायचे. त्याला येणार नाही असं मी धरूनच चालले होते. त्या हाकेपेक्षा माझ्या हातानेच त्याचं जास्त नुकसान झालं, असं मला आज वाटतं.

अमेरिकेत टेक्सासमध्ये बालशिक्षणाच्या अभ्यासक जेनिफर अडेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना एका पहिलीच्या वर्गाची चित्रफीत दाखवली. त्यात लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या स्थलांतरित घरांतली मुलं काय करायचं ते स्वतः ठरवत होती. तशाच मुलांना शिकवणारे कितीतरी शिक्षक म्हणाले, आमच्या मुलांकडे तेवढे शब्दच नाहीत, त्यांना हे जमणार नाही. मग त्यांच्या वर्गातल्या मुलांना तीच चित्रफीत दाखवली. तीही म्हणाली, शिकायचं तर गप्प बसून ऐकावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला दाराशी बसलेला तो मुलगाच दिसला.

पुढे त्याच्या आईकडून मी पाणी, दगड, शेळी असे पावरी शब्द शिकले. मुलांना लिंबाखाली मोकळं सोडायला लागले. तिथे त्याने खडे मांडून शेळ्यांचा वाडा केला. गावातली दोन पोरं जवळ गेली, तर कोणता खडा कुठे ठेवायचा ते तो त्यांना दाखवत होता, त्याच्या बोलीत. त्यांना कळत होतं.

तुमच्या ओळखीतल्या बालवाडीत जाल तेव्हा दाराशी कोण बसलंय ते बघा. वस्तूला हात लावण्याआधी कोणतं मूल बाईंकडे बघतं, तेही बघा.