ठेव मोडू नका, प्रवास मात्र नक्की करा

फोंड्याच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: "मी 62 वर्षांचा, पत्नी 59. लिस्बनहून रेल्वेने इस्तंबूल गाठायचं आणि मग मॉस्कोहून व्लादिवोस्तोक, हे आमचं जुनं स्वप्न. खर्च साडेआठ लाख, त्यात युरोपचे पाच. पेन्शन 46,000, घरखर्च 32,000. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 20 लाख आहेत, 8.2 टक्के दराने, अडीच वर्षं झाली. तिचं व्याज आजवर घराच्या डागडुजीत गेलं, ती आता संपली. बँकेत 9 लाखांची मुदत ठेव आहे. योजनेतले पैसे काढू की पत्नीचं सोनं गहाण ठेवू? मुलगा म्हणतो, या वयात कशाला?"

या वयात नाही तर केव्हा? पाय धडधाकट आहेत, तोवर जायलाच हवं. माझी हरकत प्रवासाला नाही, पैसे कुठून काढताय त्याला आहे.

बचत योजनेतून हवी तेवढी रक्कम काढता येत नाही, मुदतीआधी सगळं खातंच बंद करावं लागतं. दोन वर्षं झाली असल्याने मुद्दलातून एक टक्का, म्हणजे 20,000 रुपये कापले जातील. ते एकवेळ सोसता येईल. पण साडेआठ लाख खर्च झाले, की वर्षाला 69,700 रुपयांचं व्याज कायमचं गेलं. प्रवास काही आठवड्यांत संपतो, ही तूट मात्र दर तिमाहीला जाणवत राहते. सोन्यावर कर्जही नको. सहलीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता पेन्शनमधून फेडताना परतीचा आनंद उरत नाही.

आता उलट बाजूने बघा. दर तिमाहीला 41,000 व्याज येतं, पेन्शनमधून महिना 14,000 उरतात. दीड वर्षात व्याजाचे 2,46,000 आणि बचतीचे 2,52,000, म्हणजे पाच लाखांना दोन हजार कमी. मुद्दलाला हात न लावता युरोप तयार! यासाठी वेगळं खातं काढा आणि पेन्शन जमा होताच 14,000 तिकडे वळवा. तोवर पत्नीही साठीच्या होतील. युरेल पासवर, म्हणजे युरोपभर रेल्वेने फिरण्याच्या एकाच पासवर, 60 वर्षांवरील प्रवाशांना सवलत असते, ती मग दोघांनाही मिळेल. पास 33 देशांत चालतो. दोन महिन्यांत प्रवासाचे दहा दिवस, असाही घेता येतो. फक्त वेगवान आणि रात्रीच्या बऱ्याच गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात, ते आत्ताच हिशेबात धरा. बहुतेक युरोपीय देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला 30,000 युरोंचा विमा लागतो; तो घेताना रक्तदाब, मधुमेह काही असेल तर लपवू नका. तुर्कस्तान शेंगेनमध्ये येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा.

मॉस्को ते व्लादिवोस्तोक, म्हणजे सैबेरिया, सध्या बाजूला ठेवा. 9,289 किलोमीटरचा तो मार्ग 1916 पासून अखंड आहे आणि तुमची ओढ मला कळते. पण 2022 पासून रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत, म्हणजे आठवड्याभराच्या गाडीत सगळी रोकड जवळ बाळगायची. परक्या मुलुखात तब्येत बिघडली आणि खिशातलं कार्ड निरुपयोगी, ही जोखीम मी माझ्या आईवडिलांना घेऊ दिली नसती.

बँकेतल्या 9 लाखांना हात लावू नका, ते आजारपणाचे आहेत.

एक विनंती आहे. आधी दिब्रुगड ते कन्याकुमारी विवेक एक्स्प्रेसने या. चार हजारांहून जास्त किलोमीटर, तीन दिवसांहून जास्त प्रवास, तोही देशातल्या भाड्यात. बर्थवर झोप लागते का, गुडघे काय म्हणतात, सलग तिसऱ्या दिवशी दोघांना खिडकी अजून आवडते का, ते तिथेच कळेल. गणेश चवथ झाली की जाऊन या आणि मला कळवा. युरोपचे किती टप्पे ठेवायचे, ते त्यावरून ठरवू.