केबल कुठे तुटली, हे कसं कळणार?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली. तिन्ही आमच्या बडोद्यातलीच आहेत. म्हणून मोबाइल आणि प्रिंटरचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकून ही तीन एकत्र घेते.

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे. कॉम्प्युटरच्या पुस्तकात नेटवर्कच्या रचना आहेत : बस, स्टार, रिंग, मेश, ट्री. फायदे-तोटे पाठ केले, पण पेपरात उलटसुलट होतात. सर म्हणतात, बस रचना आता कुणी वापरत नाही. मग ती शिकायची कशाला? आणि या सगळ्यांत चांगली कोणती?
— एक विद्यार्थिनी, मांजलपूर

उत्तर : बेटा, पाठांतर बाजूला ठेव आणि प्रत्येक आकृतीला एकच प्रश्न विचार : यातली एक तार तुटली तर काय काय बंद पडेल, आणि ती कुठे तुटली हे मला कसं कळेल? फायदे-तोटे या प्रश्नातूनच निघतात.

बस रचनेवर मी नोकरीची पहिली चार वर्षं काढली आहेत. १९९५ साली मी एका संस्थेच्या प्रयोगशाळेत लागले. खोलीत अठरा कॉम्प्युटर आणि त्या सगळ्यांना ओवत गेलेली एकच काळी कॉक्स केबल, टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक टी-कनेक्टर. केबल एका बाजूने आत यायची, दुसऱ्या बाजूने पुढच्याकडे जायची. एक सलग तुकडा जास्तीत जास्त १८५ मीटरचा आणि त्यावर ३० जोडण्या, ही मर्यादा. वेग सेकंदाला १० मेगाबिट. केबल कमी लागायची, मध्ये कुठलंही महागडं यंत्र नको, म्हणून स्वस्त. फायदा तो एवढाच.

केबलच्या दोन्ही टोकांना नखाएवढं एक धातूचं टोपण असायचं, टर्मिनेटर. आत ५० ओहमचा रोध. टोकाला पोचलेला संदेश तिथे जिरून जावा म्हणून ते लावायचं. टोक उघडं राहिलं तर संदेश भिंतीवर आपटलेल्या लाटेसारखा मागे फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशांत मिसळून सगळ्यांचा चिखल करतो. म्हणून बसची तार एका जागी तुटली तरी अठराच्या अठरा कॉम्प्युटर बंद. तुटल्यावर दोन तुकडे होतात, आणि दोन्ही तुकड्यांना एकेक उघडं टोक असतं.

एका सोमवारी सकाळी पूर्ण खोली अशीच मेलेली होती. मल्टिमीटर घेऊन मी मधल्या कॉम्प्युटरपाशी बसले. टी कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डावरून सोडवला, मल्टिमीटरचं एक टोक टीच्या मधल्या पिनेला लावलं आणि दुसरं बाहेरच्या कड्याला. दोन्ही टर्मिनेटर जागेवर असले तर तिथे साधारण २५ ओहम दिसतात, कारण दोन पन्नास समांतर. मला पन्नास दिसले, म्हणजे एक बाजू गेली. डावीकडची केबल सोडून मापलं, तरी पन्नासच. म्हणजे उजवीकडची बाजू शाबूत आणि दोष डावीकडे. मग डाव्या अर्ध्याच्या मध्यावर गेले. असं अर्धं-अर्धं करत चार-पाच मापांत शेवटच्या टेबलापर्यंत पोचले. टीच्या त्या बाजूला काहीच नव्हतं. शनिवारी एका मुलाने ते टोपण काढून टेबलाच्या खणात नीट ठेवलं होतं. त्याला काहीच जोडलेलं नाही, मग ते कशाला, असं त्याला वाटलं. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. टर्मिनेटर कशासाठी असतो हे आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं.

बस शिकायची ती यासाठी. शिवाय आजचं इथरनेट, म्हणजे केबलने कॉम्प्युटर जोडायची आजची पद्धत, याच केबलच्या पोटातून आलं आहे. १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी अमेरिकेत, झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत ते सुरू केलं, तेव्हा सगळे एकाच तारेवर बोलत. नियम साधा होता : आधी ऐकायचं, तार मोकळी असेल तर बोलायचं, दोघं एकदम बोलले तर दोघांनीही गप्प व्हायचं आणि थोडा वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. कॉम्प्युटर वाढले की टकरी वाढतात आणि सगळ्यांचाच वेग पडतो. बसचा हा दुसरा तोटा, पेपरात लिही.

रिंगमध्ये हाच तंटा वेगळ्या रीतीने मिटवला आहे. नामसप्ताहात वीणा कशी असते आठव : एका वेळी एकाच्याच गळ्यात, खाली ठेवायची नाही, पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात घालायची. रिंगमध्ये टोकन, म्हणजे बोलायच्या परवानगीचा एक छोटा संदेश, तसं फिरतं. टोकन ज्याच्याकडे, त्यानेच बोलायचं. टक्कर नाही, आणि आपली पाळी जास्तीत जास्त किती वेळात येईल हे आधीच सांगता येतं. आयबीएमची टोकन रिंग ४ आणि मग १६ मेगाबिटने चालायची. तोटा उघड आहे : एक दुवा तुटला की फेरी थांबते. म्हणून प्रत्यक्षात तारा मधल्या एका डब्यात आणत, आणि कॉम्प्युटर बंद पडला की डबा त्याला वगळून वर्तुळ पुन्हा जुळवायचा. दिसायला स्टार, वागायला रिंग! तारा कशा टाकल्या आहेत ही एक गोष्ट, आणि संदेश कसा फिरतो ही वेगळी. परीक्षेत मुलांचं उलटसुलट होतं ते बहुतेक इथेच. रिंग मात्र मेलेली नाही. टेलिफोन कंपन्या शहराभोवती फायबरची, म्हणजे काचेच्या तारेची, वर्तुळं टाकतात. खोदकामात एका बाजूला तार तुटली, तर साधारण ५० मिलिसेकंदांत वाहतूक उलट्या बाजूने वळते.

स्टार समजून घ्यायला मांडवीला जा. मध्ये मांडवी आणि चार दिशांना चार रस्ते : पाणीगेट, लेहरीपुरा, चांपानेर दरवाजा, गेंडीगेट. गेंडीगेटचा रस्ता खोदला तर गेंडीगेटवाल्यांचेच हाल, बाकीचे तिघे मजेत. पण मिरवणुकीत मांडवीच अडली, तर चौघंही अडकले. स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात तो डबा, ही ती मांडवी. आणि पोळीपोळींतून, म्हणजे जुन्या गल्ल्यांतून, वाट काढणारा आपला जुना बडोदेकर मांडवी अडली तरी पोचतोच, कारण त्याला दहा वाटा ठाऊक असतात. ही झाली मेश. प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडायचं तर ५ कॉम्प्युटरना १० तारा लागतात आणि २० कॉम्प्युटरना १९०. म्हणून पूर्ण मेश फक्त तिथे, जिथे बंद पडणं परवडतच नाही. इंटरनेटचा गाभा अर्धवट मेश आहे, आणि तेवढं पुरतं. ट्री म्हणजे स्टारला स्टार जोडलेले. तुझ्या शाळेत बहुधा हेच असेल.

सगळ्यांत चांगली कोणती, हे जागा पाहिल्याशिवाय मी सांगत नाही. पुढचं पत्र वाच.

प्रश्न : आमचं जुनं मराठी वाचनालय दांडिया बाजारातल्या तीन मजली वाड्यात आहे. तळमजल्यावर देवघेवीचे तीन कॉम्प्युटर, पहिल्या मजल्यावर अभ्यासिकेत चार, दुसऱ्यावर जुने अंक स्कॅन करायला दोन. गल्लीपलीकडच्या इमारतीत बालविभागात आणखी दोन. ठेकेदाराने सुचवलं आहे की, तळमजल्यावर छोटा स्विच बसवायचा, त्यातून केबल वरच्या मजल्याच्या स्विचला, त्यातून त्याच्या वरच्याला, आणि गच्चीवरून गल्ली ओलांडून बालविभागाला. केबल कमी लागेल म्हणतो. सर्वांत लांबचा कॉम्प्युटर वाड्याच्या मध्यापासून तीस मीटरच्या आत आहे. वर्गणीतून काम करायचं आहे, म्हणून विचारतो.
— वाचनालयाचे चिटणीस

उत्तर : चिटणीससाहेब, हे काम असं करू देऊ नका. मी कळकळीने सांगते.

ठेकेदार ज्याला स्टार म्हणेल ती खरी साखळी आहे. बालविभाग त्या साखळीत चौथा लोंबकळतो आहे. संध्याकाळी काउंटर बंद करताना तळमजल्याचा विजेचा मेन स्विच कुणी पाडला, की वर स्कॅनिंग करणाऱ्यांचं जाळं गेलं, आणि त्यांना कारणही कळणार नाही. अशा साखळीत दोष शोधायचा म्हणजे प्रत्येक वेळी तीन मजले चढणं-उतरणं.

त्याऐवजी पहिल्या मजल्यावर एका जागी सोळा पोर्टांचा, म्हणजे केबल खोचायच्या सोळा खाचांचा, एकच स्विच ठेवा आणि वाड्यातल्या नऊही कॉम्प्युटरपासून स्वतंत्र केबल थेट तिथे आणा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. आपण तिच्या जवळपासही जात नाही. एका खोक्यात ३०५ मीटर केबल येते. तुमच्या मापाने नऊ तारा धरूनही एक खोकं पुरून उरतं. म्हणजे केबल वाचवण्याचा मुद्दाच उरत नाही. नऊ कॉम्प्युटर, राउटर, प्रिंटर आणि बालविभागाची एक जोडणी धरून बारा पोर्ट होतात, चार पुढच्या वाढीला. एक तार गेली तर एकच कॉम्प्युटर जाईल, आणि स्विचवरचा त्याचाच दिवा विझलेला असेल. दोष कुठे आहे हे खुर्चीवर बसून कळतं, हे मला स्टारचं सगळ्यांत मोठं बळ वाटतं.

स्विच गेला तर सगळं जाईल, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणून दुसरा साधा स्विच आणून कपाटात ठेवा आणि चालू स्विचला छोटा यूपीएस द्या. तळमजला मी मुद्दाम टाळला. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा सखल भागातल्या एका दुकानाचं जाळं मी सांभाळत होते. कॉम्प्युटर त्यांनी टेबलांवर उचलून ठेवले, पण स्विच आणि राउटर टेबलाखाली भिंतीला, गुडघ्याच्याही खाली ठोकलेले होते. गाळ साफ करायला गेले तेव्हा पोर्टांतून माती निघत होती. त्या दुकानदाराचा चेहरा मला विसरता येत नाही. गच्चीलगतचा मजलाही नको. तिथे मे महिन्यात पत्र्याखाली स्विच भाजून निघतो.

आता गल्ली. तिथून तांब्याची केबल अजिबात नेऊ नका. दोन इमारतींचे मीटर वेगळे, अर्थिंग वेगळं. पावसाळ्यात वीज आसपास कडाडली तरी त्या तारेतून झटका येऊन दोन्हीकडचे पोर्ट जळतात. फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल यांना जोडणारा डबा, लागेल. खर्च वाढेल, पण हा खर्च चुकवू नये असा आहे. आणि फायबर स्टीलच्या तारेला बांधून ताणा. उत्तरायणात आपल्या गच्च्यांवर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको : पतंग केबलवर अडकतो आणि मुलं मांजा हिसडत बसतात. गल्लीखालून पाइप नेता आला तर फारच उत्तम.

केबल घेताना स्वतः समोर उभे राहा. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल बाजारात सर्रास मिळते आणि खोक्यावरून ओळखू येत नाही. टोकाचं आवरण सोलून आतली तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर खोकं परत करा. ती तार वाकवल्यावर तुटते, आणि पुढेमागे त्याच केबलवरून कॅमेऱ्याला वीज द्याल तर तीही पुरी पोचत नाही. आतपर्यंत लालसर दिसलं तरच पैसे द्या.

आणखी एक गोष्ट तुमच्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा : मोकळी दिसणारी केबल मोकळ्या पोर्टात खोचायची नाही. एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचला लागली की वर्तुळ होतं, आणि सर्वांना उद्देशून निघालेला एक संदेश त्यात फिरत, वाढत राहतो. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात आणि काहीच चालत नाही. रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली यावर उपाय शोधला : स्विचच आपापसात ठरवतात आणि जादा वाट झोपवून ठेवतात. मोठ्या जाळ्यांत सुटी वाट मुद्दाम ठेवता येते ती या बाईंमुळे. पण स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते. म्हणून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा आणि क्रमांकांचा कागद स्विचच्या पेटीत आतून लावा.

प्रश्न : आमचं घर जुनं, भिंती दीड-दोन फुटांच्या. मुलगा म्हणतो, मेश वायफाय घेऊ. वर्तमानपत्रातही जाहिरात आली. ही तीच मेश का, एक बंद पडलं तरी दुसऱ्याने चालणारी?
— एक गृहिणी, रावपुरा

उत्तर : थोडीफार तीच. मेश वायफायचे डबे आपापसात वाट शोधतात, हे खरं. पण घरात तीन डबे असले तर ते बहुतेक एका ओळीतच लागतात : पुढची खोली, माजघर, मागची खोली. मधला बंद झाला की मागच्याला पुढचा ऐकू येईलच असं नाही, विशेषतः तुमच्या भिंतींतून. शिवाय साधे डबे ज्या लहरीवर मोबाइलशी बोलतात तिच्यावरच एकमेकांशीही बोलतात, म्हणून प्रत्येक टप्प्याला वेग जवळपास अर्धा होतो.

घेण्याआधी मुलाला एक काम सांगा. आहे तो राउटर माजघरात आणून एक दिवस चालवून बघा; राउटर कोपऱ्यात, दाराजवळ ठेवलेला असतो म्हणूनच निम्म्या घरांत रडारड असते. तरीही मागच्या खोलीत पोचलं नाही तर दोनच डबे घ्या आणि त्यांच्यामध्ये एक केबल टाका, चौकटीच्या कडेने, केसिंगमधून. केबलच्या जोडणीची सोय डब्यांवर आहे ना, ते दुकानातच खोकं उघडून बघा : मागच्या बाजूला टेलिफोनच्या खाचेपेक्षा थोडी रुंद, चौकोनी खाच असते.