विहिरीत तासभर, तलावात २५ मीटरला धाप

भावा, तू लिहिलायस की खानापूरकडं गावच्या विहिरीत तासभर डुंबतोस, पण बेळगावात पोहण्याच्या तलावात फ्रीस्टाइल सुरू केलीस तर २५ मीटरलाच धाप लागते, काठ धरावा लागतो, मग स्टॅमिना वाढवायला पळायला जाऊ काय. पळ की, कोण नको म्हणतंय, पण त्यानं हे जाणार नाही. तुझा स्टॅमिना बरा आहे, तू पाण्यात श्वास कोंडून ठेवायलास.

मी बी तसलाच. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत शिकलेला, मुंडी कायम वर, कारण वरनं कोण कधी उडी टाकेल नेम नाही. तीच सवय घेऊन गोवावेसच्या तलावात गेलो. शेजारी साठीच्या पुढचे एक काका, पाणीसुद्धा न उडवता सावकाश, माझ्या दोन फेऱ्या होईपर्यंत त्यांच्या चार. शेवटी लाज सोडून विचारलं तर म्हणाले, "तुझं तोंड पाण्यात असतंय तेव्हा बुडबुडेच दिसत नाहीत."

झालं, तिथंच सगळं होतं. जीव कासावीस होतो तो बहुतेक वेळा ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे, आत कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. तोंड बाहेर आलं की मिळतो जेमतेम एक क्षण, त्यात आधी सोडायचा मग घ्यायचा म्हटलं तर दोन्ही अर्धवट, आणि असे सात-आठ श्वास झाले की खेळ खलास. सोडायचं काम पाण्यातच उरकायचं, बाहेर फक्त घ्यायचा.

एक करून बघ. छातीभर पाण्यात काठ धर, खाली बस आणि नाकातनं "हूंऽऽ" करत सावकाश सोड. छाती भरलेली असली तर पाणी तुला वर ढकलतंय, रिकामी होत गेली की बहुतेक माणूस आपोआप खाली जातो. वर ये, घे, परत. रोज दहा मिनिटं एवढंच. कंटाळवाणं आहे, पोरं हसतील, हसू देत.

मग मुंडी. ती उचललीस की कंबर बुडते, तराजूसारखं, आणि बुडालेली कंबर ओढत न्यायची म्हणजे भिजलेलं पोतं ओढल्यासारखं. नजर तळाच्या फरशीवर ठेव, श्वासाला अख्खं अंग कुशीवर वळव, एक गॉगल पाण्यातच राहू दे. पुढं जाताना डोक्याच्या बाजूला पाण्यात खळगा पडतो, तोंड तिथं उघडायचं. याच्या सरावाला एक हात पुढं करून कुशीवर सहा किक, मग तीन हात मारायचे, मग दुसरी कूस.

लाथा सायकल मारल्यागत गुडघ्यातनं मारू नको, मांड्या सगळा दम खातात. कमरेतनं, हलक्या. दर तीन हात मारले की एकदा श्वास घ्या म्हणून सगळे सांगतात, दोन्ही बाजू तयार होतात हे खरं, पण सुरुवातीला दर दोन हातांना घे, काय बिघडत नाही. कोपर वर ठेवून पाणी पकडायचं वगैरे पुढचं पुढं बघू.

रविवारी एकदम दोन तास घासण्यापेक्षा आठवड्यात चार दिवस वीस-वीस मिनिटं बरी. आणि पावसाळ्यात मलप्रभेत असले प्रयोग नकोत हं, तिथं श्वास नव्हे, ओढ बघावी लागते. पंधरा दिवसांनी २५ मीटरला किती हात लागतात ते मोजून इथं लिही.