पोटरी दुखते म्हणून बसून राहू नका

काका, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यानं चालताना तुमची पोटरी दुखते, पण डॉक्टरांनी चालायला परवानगी दिलीय ना? मग बेळगावात किल्ला तलावाकाठी सपाट वाटेवर सुरू करा. पोटरीत चांगली कळ येईपर्यंत चाला, थांबा, कळ गेली की पुन्हा चाला. विश्रांती धरून 30 मिनिटं, आठवड्यातून 3 दिवस. पहिल्या कळीलाच घरी परतणं ही नवख्यांची नेहमीची चूक. मीही 2 महिने असेच घालवले. फरक जाणवायला 12 आठवडे तरी द्या.

स्नायूंना विजेचे हलके झटके देणारं मशीन चालण्याची जागा घेत नाही. पेसमेकर असेल तर लावूच नका.

तंबाखू आजच सोडा. तंबाखूच्या पट्ट्यातल्या निपाणीकडच्या माणसाला ते किती जड जातं, मला ठाऊक आहे, पण रक्तवाहिन्या त्यानंच आवळतात.

अनवाणी फिरू नका. बसल्याजागी पाय दुखला किंवा बोट काळं पडलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.