पट्टी उतरवा, उच्छ्वास लांबवा

जप, भजन आणि गाणं यांचा तब्येतीशी संबंध काय, असं विचारणारी बरीच पत्रं या महिन्यात आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत. नावं न छापता फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न: मी रोज पहाटे ओंकार म्हणतो, पत्नी माळेवर मनातल्या मनात जप करते. जास्त फायदा कुणाला, आणि तो कशामुळे होतो? – शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर: फायद्याचा मोठा वाटा उच्छ्वासाचा आहे. शांत बसलेला माणूस मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो. ओंकार सावकाश म्हटला की हा आकडा सहाच्या आसपास येतो. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांमध्ये रक्तदाबावर नजर ठेवणारे संवेदक असतात. या गतीला त्यांचा आणि हृदयाच्या ठोक्यांचा मेळ चांगला बसतो. श्वास सोडताना मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेचा अंमल वाढतो आणि ठोके मंदावतात. 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 23 निरोगी माणसांवरचा एक अभ्यास आला. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना असो की ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्हींत श्वास मिनिटाला सहावर आला आणि रक्तदाब सावरण्याची शरीराची क्षमता वाढलेली दिसली. माणसं थोडी होती, पण त्यामागचं शरीरशास्त्र पक्कं आहे.

मकाराचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. तोंड मिटून गुंजारव केला की नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शांत उच्छ्वासाच्या 15 पट होतो, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी 2002 साली मोजून दाखवलं. सायनसच्या पोकळ्यांतली हवा त्यामुळे खेळती राहते. एवढ्यावरून जुनं सायनसचं दुखणं बरं होईल असं मात्र धरून चालू नका.

करायचं असं. पाठ सरळ ठेवून खुर्चीवर किंवा मांडी घालून बसा, एक तळवा पोटावर ठेवा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या. पोट पुढे यावं, खांदे वर जाऊ नयेत. छाती गच्च भरू नका, पाऊण भरली की पुरे. मग दोन आकडे ‘ओ’ आणि चार आकडे ‘म्’. सूर आपण बोलतो त्याच उंचीचा. ‘म्’ म्हणताना ओठ हलके मिटलेले आणि दात सुटे ठेवा. पडताळा घ्यायचा तर मधेच नाक चिमटीत धरा: ‘म्’ तत्काळ बंद पडला पाहिजे आणि ‘ओ’ जराही बदलता कामा नये. ‘ओ’ बदलला तर आवाज नाकातून जातोय असं समजा. श्वास संपत आला की शेवट ओढून ताणू नका, थोडा शिल्लक असतानाच थांबा. पहिला आठवडा पाच मिनिटं, नंतर दहा-पंधरा. डोकं हलकं झालं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही श्वास फार भरून आणि भरभर घेताय. दोन ओंकारांच्या मध्ये एक साधा श्वास जाऊ द्या.

मनातल्या जपानेही मन ठिकाणावर येतं, पण तिथे श्वास आपोआप लांबत नाही. त्यातून 108 ची माळ घाईघाईने ओढली तर तो उलट आखूड होतो. ताईंना सांगा, एका मण्याला एक श्वास. दहा सेकंदांचा एक याप्रमाणे पूर्ण माळेला 18 मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल तर 27 मणी करावेत, वेग वाढवू नये.

प्रश्न: आमचं महिला भजनी मंडळ आहे. बहुतेकींची पन्नाशी उलटली आहे. नवरात्रात रोज कुठे ना कुठे भजन असतं आणि पाचव्या माळेपर्यंत निम्म्या जणींचा घसा बसतो. ज्येष्ठमध सगळ्याच चघळतो. – गंगावेश, कोल्हापूर

उत्तर: आधी पेटी कोणत्या पट्टीत लागते ते बघा. काळी चार असेल, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर ‘सा’ धरला असेल, तर मधल्या षड्जावर (‘सा’वर) स्वरतंतू सेकंदाला सुमारे 208 वेळा एकमेकांवर आपटतात आणि तार षड्जावर 415 वेळा. दोन तास हा मार बसला की तंतूंना सूज येते. शिवाय पाळी गेल्यावर बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो. तिशीत सहज लागणारी पट्टी पंचावन्नाव्या वर्षी ताण देणारच. काळी तीन लावा, तरी जड गेलं तर पांढरी तीन. कसोटी सोपी आहे: तार गंधार (वरच्या सप्तकातला ‘ग’) घेताना हनुवटी वर जाते का, मानेच्या शिरा फुगतात का? तसं होत असेल तर पट्टी उतरवायलाच हवी. यात कमीपणा काहीच नाही. उस्ताद अल्लादियाँ खाँसाहेबांचा आवाज अति गाण्याने गेला होता. नंतर बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी घडवली आणि तीच पुढे कोल्हापूर दरबारातून गाजली.

दुसरं कारण टाळ. लहान खोलीत दहा जोड्या टाळ वाजले की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि प्रत्येक जण नकळत ओरडू लागते. दोनच जोड्या ठेवा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. कानही वाचतील. दर दोन अभंगांनंतर कोमट पाण्याचे दोन घोट घ्या. खाकरायची सवय वाईट, त्याने तंतू एकमेकांवर जोरात घासतात. त्याऐवजी आवंढा गिळा. आवाज बसलाच तर कुजबुजत बोलू नका, सरळ मौन धरा.

ज्येष्ठमध रोज भरपूर चघळल्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. तुमच्यापैकी ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी तो आजच बंद करावा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या. मिश्री-तंबाखू असेल तर एक दिवसही पुढे ढकलू नका.

प्रश्न: वय 61, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, दोन पंप चालू आहेत. कॅराओके गायलं तर फुप्फुसं सुधारतील का? घराजवळ गुऱ्हाळ आहे. – कागल तालुका

उत्तर: खराब झालेलं फुप्फुस गाण्याने भरून येत नाही. सुधारतो तो श्वासावरचा ताबा, आणि धाप लागली की उडणारी घाबरगुंडी कमी होते. संथ चालीची, छोट्या ओळींची गाणी निवडा. शब्द कागदावर लिहून श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने खूण करा. स्टिरॉइडचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्या आणि नंतर गुळण्या करून चूळ थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येते, घसा बसतो आणि दोष गाण्यावर जातो. थंडीत चुलवाणाचा धूर सकाळ-संध्याकाळ जमिनीलगत साचतो, म्हणून गायचं ते दुपारी. एक पूर्ण वाक्य सलग बोलता येत नसेल त्या दिवशी गाणं नको, डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न: वडील गेल्यापासून आई घराबाहेर पडत नाही. तिला भजनाला पाठवलं तर मन रमेल का? – इचलकरंजी

उत्तर: रमण्याची शक्यता चांगली आहे. 2015 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांतली माणसं तपासली. गाणाऱ्यांची एकमेकांशी जवळीक सगळ्यांत लवकर झाली. सगळे एकाच वेळी श्वास घेतात, एकाच लयीत सोडतात, याचा तो परिणाम असावा. पण आईंना ‘पाठवू’ नका, पहिले चार-पाच वेळा सोबत जा. पहिल्या दिवशी नुसतं बसू द्या, टाळ हातात द्या, गायचा आग्रह नको. रडू आलं तर येऊ द्या.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त सतत टिकली, झोप-भूक गेली, ‘आता जगून काय करू’ असं त्या बोलू लागल्या, तर भजनाची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. औषधं सुरू झाली तर भजनात बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनाने थांबवू नका.

प्रश्न: गाण्याने बीपीची गोळी सुटते का? जेवणानंतर गायलं तर चालेल का? – राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: गोळी सुटत नाही. गाणं संपल्या संपल्या बीपी मोजू नका, पाच मिनिटं गप्प बसून मग मोजा आणि नोंदी डॉक्टरांना दाखवा. जेवण आणि गाणं यांत दोन तासांचं अंतर ठेवा. भरल्या पोटी पोटाचा दाब वाढून आम्ल घशापर्यंत चढतं. तांबड्या रश्श्याचं जेवण असेल तर तीन तास.