स्तनाच्या गाठीचा रिपोर्ट आणि आजार उलटण्याचा अंदाज

आपण दिलेल्या माहितीनुसार बहिणीचे वय 57 असून पाळी बंद झालेली आहे, गाठ 1.8 सेंटीमीटरची व ग्रेड 2 ची (म्हणजे पेशींचा बिघाड मध्यम) आहे, काखेतील तपासलेल्या 14 ग्रंथींपैकी एकीतही आजार सापडलेला नाही, ईआर व पीआर (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोनांना प्रतिसाद देणारी पेशींतील प्रथिने) ठळक पॉझिटिव्ह आहेत, हर-टू (पेशींची वाढ चेतवणारे प्रथिन) 2+ आहे आणि केआय-67 18 टक्के आहे. हा 18 चा आकडा काळजीचा आहे का आणि डॉक्टरांनी सुचवलेली महागडी जनुकीय चाचणी करावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या दोन्हींच्या आधी हर-टूचा निकाल लागायला हवा.

2+ चा अर्थ ‘थोडेसे पॉझिटिव्ह’ असा नसून ‘या तपासणीवरून ठरवता येत नाही’ असा आहे, आणि त्याच ब्लॉकवर (गाठीचा मेणात जतन केलेला तुकडा) फिश ही हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी केल्यावर काय ते स्पष्ट होते. ती पॉझिटिव्ह आली तर हर-टूवर नेमके काम करणाऱ्या ट्रास्टुझुमॅबसारख्या औषधाचा विचार करावा लागतो आणि केमो टाळता येईल का हे पाहणाऱ्या जनुकीय चाचणीचे प्रयोजनच उरत नाही. म्हणून फिशच्या आधी त्या चाचणीचे पैसे भरू नयेत.

केआय-67 म्हणजे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींचे प्रमाण. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी रंगलेली केंद्रके मोजून ते काढतात. जिथे रंग दाट दिसतो तेवढाच भाग मोजला की आकडा वाढतो आणि सगळ्या गाठीची सरासरी घेतली की उतरतो. या विषयावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 5 टक्के वा त्याखालचे आणि 30 टक्के वा त्यावरचे आकडेच निर्णयासाठी भरवशाचे मानले आहेत. बहिणीचे 18 टक्के मधल्या धूसर पट्ट्यात येतात, त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये.

प्रयोगशाळेत काम केलेले असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण रुग्णाचे नातेवाईक ती सहसा विचारत नाहीत. काढलेली गाठ तासाभराच्या आत, मधोमध काप देऊन, भरपूर फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवी आणि त्यात किमान 6 व जास्तीत जास्त 72 तास राहायला हवी. छोट्या ठिकाणांहून कधी कधी अख्खी गाठ न कापता इवल्याशा डबीत कोंबून दुसऱ्या दिवशी पाठवली जाते. तोवर आतला भाग खराब होऊ लागतो आणि मग ना रंग नीट चढतो, ना पुढच्या जनुकीय चाचणीला लागणारे आरएनए (जनुकांचे काम किती चालू आहे ते दाखवणारे रेणू) धड मिळते. रिपोर्टवर या वेळा छापलेल्या आहेत का ते पाहावे.

फिश निगेटिव्ह आली, तर मात्र जनुकीय चाचणीचा विचार करणे योग्य ठरेल. ऑन्कोटाइप डीएक्स ही चाचणी गाठीतील 21 जनुके तपासून 0 ते 100 मध्ये गुण देते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलर-एक्स अभ्यासात ग्रंथी स्वच्छ असलेल्या, हार्मोन-पॉझिटिव्ह व हर-टू निगेटिव्ह अशा ज्या स्त्रियांचे गुण 11 ते 25 होते, त्यांच्यात नऊ वर्षांनी दूरच्या अवयवांत आजार न उलटलेल्यांचे प्रमाण केवळ हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्यांवर 94.5 टक्के आणि केमोची जोड दिल्यावर 95.0 टक्के होते. पन्नाशीच्या आतील काहींना 16 ते 25 गुणांवरही केमोचा थोडा लाभ दिसला, पण बहिणीचे वय तो मुद्दा बाजूला ठेवते. बंगळुरूत विकसित झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही पाच प्रथिनांवर आधारलेली चाचणी स्वस्त पडते, मात्र तिच्यामागे टेलर-एक्ससारखा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला मोठा अभ्यास नाही. मी परवडत असेल तर पहिली निवडेन.

पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ विचारावे, की गुण कमी आले तर आपण केमो खरोखर वगळणार आहात का. उत्तर ‘तरीही देऊ’ असे असेल, किंवा बहिणीनेच काहीही झाले तरी केमो घ्यायची नाही असे ठरवले असेल, तर चाचणीचा खर्च व्यर्थ आहे.

कमी गुण म्हणजे आजार कायमचा गेला, असा अर्थ घेऊ नये. ईआर पॉझिटिव्ह आजार उशिराही डोके वर काढतो: पाच वर्षे या हार्मोनविरोधी गोळ्या घेऊन थांबलेल्या, लहान गाठ व स्वच्छ ग्रंथी असलेल्या स्त्रियांतही पाचव्या ते विसाव्या वर्षांदरम्यान सुमारे 13 टक्के जणींमध्ये तो दूरच्या अवयवांत उलटल्याचे 2017 च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसले. तेव्हा या गोळ्यांनी होणाऱ्या सांधेदुखीमुळे त्या परस्पर बंद न करता औषध बदलून मागावे.

तूर्त रुग्णालयात अर्ज देऊन पॅराफिन ब्लॉक मागून घ्यावा, त्यावरील क्रमांक रिपोर्टशी ताडून पाहावा आणि फिशसाठी तो लगेच पाठवावा.